परदेशातल्या अनाथालयात सेवेला जायचंय? बडोद्याहून निघण्याआधी

बडोद्यात हा विचार साधारण दोन तऱ्हेच्या माणसांच्या मनात येतो. एक म्हणजे विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली. पुढच्या शिक्षणाआधी हातात पाच-सहा महिने असतात आणि काहीतरी चांगलं करायचं असतं. दुसरे म्हणजे बँकेतून, शाळेतून किंवा रिफायनरीतून निवृत्त झालेले काका-काकू. प्रकृती ठणठणीत आहे, मुलं आपापल्या जागी स्थिरावली आहेत. दोघांच्याही डोळ्यांसमोर नेपाळ, कंबोडिया, नाहीतर केनिया असतो, कारण नैरोबीत ओळखीचं एखादं गुजराती कुटुंब हमखास निघतं.

जायला हरकत नाही, पण कशासाठी जायचं हे आधी ठरलं पाहिजे. मुलांना कुशीत घ्यायला, खेळवायला, त्यांचं 'दुःख विसरवायला' म्हणून थोड्या दिवसांसाठी जाणार असाल तर जाऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्या मुलांना रोज आंघोळ घालणारी, रात्री उठून पांघरूण घालणारी माणसं तिथलीच असतात आणि तुम्ही परतल्यावरही तिथेच राहणार असतात. त्यांचं काम सोपं आणि नीट व्हावं म्हणून जाणार असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पायरी १: ही मुलं तिथे का आहेत ते समजून घ्या

अनाथालयातल्या बहुसंख्य मुलांना आई किंवा वडील, कधी दोघंही असतात. कंबोडियात २०११च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा संस्थांमधल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात निघाले. नेपाळमधलं चित्र याहून वेगळं नाही. १९९६ ते २००६च्या यादवीत हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांनी, पोरगं वाचावं आणि शिकावं म्हणून दलालांच्या हाती पैसे ठेवले आणि मुलं काठमांडूला धाडली. शाळेचं वसतिगृह म्हणून सांगितलेली जागा अनाथालय निघाली. काही मुलांच्या कागदावर जिवंत आईवडील 'मृत' म्हणून लागले. आजही नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि कास्की या पाच जिल्ह्यांत एकवटलेली आहेत, म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथे. गरिबी या पाच जिल्ह्यांत सर्वांत जास्त आहे म्हणून नव्हे. परदेशी पाहुणा येतो, पैसे देतो, फोटो काढतो, आणि त्याच्यासाठी मुलं लागतात.

दुसरी गोष्ट मुलाच्या मनाची. २००० साली रोमानियात बुखारेस्टला १३६ लहान मुलांवर एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं संस्थेत राहिली, निम्म्यांना सांभाळायला कुटुंबं दिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीने, बोलण्याने आणि माणसांशी जुळवून घेण्यात पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना त्याचा फायदा सर्वांत जास्त झाला. लहान मुलाला ठरलेलं एक माणूस लागतं. दर पंधरा दिवसांनी नवी ताई, नवा दादा आला, त्याने जीव लावला आणि निघून गेला, असं वर्षभर चाललं की मूल दोन पद्धतीने बदलतं. एक तर ते कुणालाच जवळ करत नाही, नाहीतर फाटकातून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतं. नवख्या स्वयंसेवकाला हे दुसरं फार गोड वाटतं. 'पहिल्याच दिवशी माझ्या कडेवर चढली!' हे कौतुकाने सांगण्यासारखं नाही. तीन वर्षांची मुलगी अनोळखी माणसाच्या कडेवर विनासंकोच चढते, तेव्हा तिच्या संगोपनात काहीतरी तुटलेलं असतं.

हे ओळखून सरकारंही हलली आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने अनाथालय-पर्यटनाकडे शोषण म्हणून पाहिलं. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली. केनियाने २०१७मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली आणि आता मुलांना कुटुंबात परत नेण्याचं धोरण हाती घेतलं आहे. तेव्हा तुम्ही निवडाल ती संस्था या दिशेने चालली आहे की उलट्या, हे बघणं तुमचं पहिलं काम.

पायरी २: आपल्याकडे देण्यासारखं काय आहे ते लिहून काढा

कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त अशीच कामं लिहा जी तुम्ही बडोद्यात पगार घेऊन केली आहेत किंवा करू शकाल. 'मुलांवर प्रेम' लिहू नका, ते सगळ्यांकडे असतं. हिशेब, परिचर्या, फिजिओथेरपी, वायरिंग, नळकाम, स्वयंपाकघराची व्यवस्था, शिक्षकांना शिकवणं, संगणकावर नोंदी ठेवणं. मग प्रत्येक कामापुढे एक प्रश्न: हे मी तिथल्या माणसाला शिकवून येऊ शकतो का? उत्तर 'हो' असेल तेच काम घेऊन जा.

निवृत्त बँकवाल्यांना आपण तिथे निरुपयोगी ठरू असं वाटतं, पण खरी निकड बहुधा त्यांचीच असते. छोट्या संस्थांची रोकडवही, पावत्या आणि बँकेचा उतारा यांचा मेळ अनेकदा महिनोन्‌महिने लागलेला नसतो. तिथल्या कारकुनाला दर शनिवारी मेळ घालायची सवय लावली, तर पुढची कित्येक वर्षं मुलांच्या दुधाचे पैसे कुठे गेले ते कळत राहतं.

मुदतीचं म्हणाल तर आमचं मत ठाम आहे. तीन महिन्यांहून कमी वेळ असेल तर मुलांशी थेट संबंधाचं काम घेऊच नका. कार्यालय, स्वयंपाकघर, दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण एवढ्यातच राहा. पाच वर्षांखालच्या मुलांचं संगोपन तर सहा महिने असले तरी स्वयंसेवकाचं काम नव्हे.

पायरी ३: संस्थेला पत्र लिहा, आणि उत्तर नीट वाचा

वेबसाइटवरून संस्था निवडू नका. रडक्या मुलांचे जवळून काढलेले फोटो, खाली नाव, वय आणि 'हिच्या वडिलांनी हिला टाकलं' अशी कहाणी असेल तर तिथेच थांबा. आपल्याकडे बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७४ने काळजी-संरक्षणातल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा ठरवलंय. जे बडोद्यातल्या मुलाच्या बाबतीत चालणार नाही ते नेपाळमधल्या पोखऱ्यातल्या मुलाच्या बाबतीत का चालावं?

दोन-तीन संस्था हेरल्या की प्रत्येकीला ईमेलने पुढचे प्रश्न विचारा. फोनवर विचारू नका, उत्तर लेखी हवं.

१. नोंदणी कोणत्या सरकारी खात्याकडे आहे, क्रमांक काय, शेवटचं नूतनीकरण कधी झालं?
२. आज किती मुलं आहेत, आणि त्यांपैकी किती जणांचे आई, वडील किंवा जवळचे नातेवाईक हयात आहेत?
३. गेल्या वर्षभरात किती मुलं घरी परतली? परतल्यावर त्यांची विचारपूस कोण करतं?
४. रात्रपाळीला किती कर्मचारी असतात आणि ते किती वर्षांपासून आहेत?
५. बालसंरक्षणाचे लेखी नियम पाठवाल का? तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं पद काय?
६. माझ्याकडून कोणती कागदपत्रं लागतील?
७. मी देणार ते पैसे कशावर खर्च होतात? मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मिळेल का?

नेपाळमधल्या संस्थेला आणखी एक विचारा: दशैंला किती मुलं गावी गेली होती? दशैं म्हणजे तिथला सर्वांत मोठा सण. घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातून कपाळाला टीका लावून घ्यायची असते. कुटुंबांशी संबंध राखणारी संस्था या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देते. कुणीच गेलं नाही, सगळी इथेच होती, पाहुण्यांनी मिठाई वाटली, असं उत्तर आलं तर सावध व्हा.

उत्तरं वाचताना आकड्यांकडे बघा, गोडव्याकडे नाही. दुसऱ्या प्रश्नाला 'सगळीच अनाथ आहेत' असं उत्तर म्हणजे एक तर नोंदी नाहीत किंवा खरं सांगायचं नाही. सहाव्या प्रश्नाला 'काही नको, पासपोर्टची प्रत पाठवा, सोमवारपासून या' हे उत्तर सर्वांत वाईट. ज्या दारातून तुम्ही विनाचौकशी आत जाता त्याच दारातून कुणीही आत जातो. चांगली संस्था तुम्हालाच प्रश्न विचारते, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं मागते, व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेते, आणि बऱ्याचदा 'मुलांसोबतचं काम नाही, पण हिशेबाचं आहे' असं सांगते. असं उत्तर आलं तर हिरमुसू नका. हीच ती संस्था.

मधल्या एजन्सीमार्फत जात असाल तर शुल्काची फोड लेखी घ्या: राहणं, जेवण, विमानतळावरून नेणं, एजन्सीचा वाटा, संस्थेचा वाटा. संस्थेचा वाटा दर डोई आणि दर आठवड्याला ठरलेला असेल, तर मुलं कमी होण्यात संस्थेचं नुकसान आहे हे लक्षात घ्या.

पायरी ४: आधी बडोद्यातच तीन महिने

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. बालगृह कसं चालतं हे आपल्या भाषेत, आपल्या कायद्याच्या चौकटीत बघितलं नसेल, तर परक्या देशात काय बिघडलंय ते कळणारच नाही.

जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, स्वतःची माहिती आणि काम करण्याची इच्छा अर्जाने द्या. बालगृहात परस्पर जाऊन वाढदिवसाचा केक कापण्याची प्रथा आपल्याकडेही आहे. ती धरू नका, परवानगीनेच आत जा. बाल कल्याण समिती काय करते, मुलाची वैयक्तिक काळजी योजना कशी लिहितात, पुढे ती कशी तपासतात, हे विचारा. आपल्या विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा १९४९-५०पासूनची, देशातल्या जुन्यांपैकी एक. तिथले विद्यार्थी अशा संस्थांत प्रत्यक्ष कामाला जातात. त्यांच्याशी तासभर बोललात तरी पुष्कळ कळेल.

पालक माता-पिता योजनाही समजून घ्या. आईवडील गेलेल्या, किंवा वडील वारले आणि आईने पुनर्विवाह केला अशा मुलाला काका, मामा, आजी सांभाळत असतील तर गुजरात सरकार महिना ३,००० रुपये देतं. दांडिया बाजारात, वाडीत अशी घरं आहेत जिथे भाच्याला कुणी गाजावाजा न करता वाढवलंय आणि ज्यांना या योजनेची माहितीच नाही. अशा एका आजीचा अर्ज भरून दिलात, शाळेचा दाखला आणि मृत्यूचे दाखले जोडून पैसे सुरू करून दिलेत, तर एक मूल संस्थेबाहेर राहिलं. हे काम केल्यावर काहींना परदेशी जायची गरजच वाटत नाही. तसं झालं तर बडोदाच निवडा, आम्हाला आनंदच आहे.

पायरी ५: कागद आणि लसी

सहा महिने आधी सुरुवात करायची. कारण साधं आहे: हेपटायटिस ब लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे असतात.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. पोलीस क्लिअरन्ससाठी, म्हणजे आपल्यावर गुन्हा नोंद नसल्याच्या प्रमाणपत्रासाठी, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून बडोद्याच्या केंद्रात भेटीची वेळ घ्या. शुल्क ५०० रुपये. इथे बऱ्याच जणांचं अडतं: टूरिस्ट व्हिसावर जाणाऱ्याला हे प्रमाणपत्र देत नाहीत. म्हणून संस्थेचं पत्र आधी मागवा, त्यात कामाचं स्वरूप, मुदत आणि पत्ता हवा, आणि ते घेऊनच केंद्रावर जा. ते शक्य नसेल तर शहर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून चालेल का, ते संस्थेला विचारा.

व्हिसाचा नियम देशागणिक वेगळा, पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी: बिनपगारी काम हेही कामच धरतात. केनियात जानेवारी २०२४पासून प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी घ्यावी लागते, पण फिरायला म्हणून घेतलेल्या परवानगीवर संस्थेत काम करता येत नाही. त्यासाठीचा परवाना संस्थेने काढून द्यायचा असतो. 'टूरिस्ट म्हणून या, बघून घेऊ' म्हणणारी संस्था तुम्हालाच अडचणीत टाकते. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र चालतं, आधार कार्डावर मात्र १५ ते ६५ वयाच्या प्रवाशांना विमानात घेत नाहीत. रेल्वेने गोरखपूरपर्यंत जाऊन सोनौलीची सीमा ओलांडता येते. व्हिसा लागत नाही म्हणून बालगृहात काम करायला परवानगी लागत नाही असं समजू नका. स्थानिक बालहक्क अधिकाऱ्याला कळवलं आहे का, हे संस्थेकडून लेखी घ्या.

लसींमध्ये टायफॉइड, धनुर्वात, गोवर आणि कांजिण्या यांची स्थिती डॉक्टरांकडून तपासून घ्या. संस्थेत एका मुलाला कांजिण्या आल्या की दोन-तीन आठवड्यांत खोली भरते. कुत्र्यांचा वावर असलेल्या ठिकाणी जाणार असाल तर रेबीजची प्रतिबंधक लस आठवड्याच्या अंतराने किमान दोनदा. पूर्व आफ्रिकेसाठी मलेरियाच्या गोळ्या. पीतज्वराची लस नेमलेल्या सरकारी केंद्रांतच मिळते, तिचं पिवळं कार्ड टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. केनियाहून परतताना हे कार्ड नसेल तर भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. साठीच्या पुढच्यांनी ही लस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

निघण्याआधी छातीचा एक्स-रे काढा. तुम्हाला क्षयाचा खोकला असेल तर तो तिकडच्या अशक्त मुलांना देऊ नका.

पायरी ६: पहिला आठवडा

पहिला आठवडा फक्त बघा. मुलांची नावं पाठ करायची घाई नको, कर्मचाऱ्यांची नावं पाठ करा. नेपाळमध्ये सांभाळणाऱ्या बाईला आमा किंवा दिदी म्हणतात. तिच्या वेळापत्रकात तुम्ही बसायचं, तिने तुमच्या नव्हे. मूल पडलं, रडलं, तुमच्याकडे धावलं तर त्याला हात धरून तिच्याकडे न्या. मुलाने सांत्वनासाठी जायचं ठिकाण ती आहे हे तुमच्या वागण्यातून दिसू दे.

मराठी माणसाला नेपाळमध्ये एक मोठी सोय आहे, लिपी आपलीच. पाट्या, नोंदवह्या वाचता येतात आणि दोन आठवड्यांत अर्थही लागू लागतो. पण तारखांपाशी थबका. तिथे सगळा सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतो. गुजरातेत राहून आपण म्हणतो, संवत तर आपल्यालाही माहीत आहे. पण आपल्याकडचं वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं, तिकडचं वैशाखात, एप्रिलच्या मध्याला. नोंदवहीत जन्मसाल २०७२ लिहिलं असेल तर मूल एप्रिल २०१५ ते एप्रिल २०१६ मधलं. इथे घोटाळा झाला तर मुलाचं वय एका वर्षाने चुकतं, लसीचं वेळापत्रक हुकतं, आणि वजन कमी की ठीक हेही चुकीचं ठरतं. तारीख कधी बदलून लिहू नका. मूळ तशीच ठेवा आणि शेजारच्या रकान्यात इसवी तारीख लिहा.

नियम थोडे आहेत आणि त्यांना अपवाद नाही. मुलासोबत बंद दाराआड एकटं राहायचं नाही. आंघोळ, कपडे बदलणं, शौचास नेणं तुमचं काम नाही. फोटो नाहीत, समाजमाध्यमांवर तर मुळीच नाहीत. एकाच मुलाला भेट द्यायची नाही, जे आणाल ते सामायिक कपाटात. फोन नंबर द्यायचा नाही. मुलाला बाहेर न्यायचं नाही. 'तुझे आईबाबा कुठे आहेत' हे विचारायचं नाही. आणि 'मी परत येईन' हे कधीच म्हणायचं नाही.

पायरी ७: कामातलं बारीक

दोन कामं जरा जवळून सांगतो, म्हणजे 'शिकवून येणं' म्हणजे काय ते कळेल.

पहिलं, वाढीची नोंद. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी, न्याहारीपूर्वी, कमीत कमी कपड्यांत वजन. काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, आणि दर वेळी आधी एक किलो साखरेची बंद पिशवी ठेवून तो बरोबर आहे का बघायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा डाव्या दंडाचा घेरही मोजा: खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला, पट्टी त्वचेला टेकलेली पण रुतलेली नाही. ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी दवाखाना. ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम, आठवड्याने परत मोजायचं. चूक बहुतेक वेळा पट्टी आवळण्यात होते. शिकाऊ माणूस घट्ट ओढतो आणि धडधाकट मूल कुपोषित ठरतं. म्हणून सुरुवातीला दोघांनी वेगवेगळं मोजायचं. अर्ध्या सेंटीमीटरचा फरक आला तर पुन्हा. तुम्ही पहिल्या महिन्यात मोजून दाखवा, दुसऱ्यात दिदी मोजेल आणि तुम्ही शेजारी उभे राहाल, तिसऱ्यात तुम्ही खोलीत नसाल.

दुसरं, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाला भरवणं. संस्थांमध्ये अशी मुलं असतातच, आणि माणसं कमी पडली की त्यांना आडवं झोपवूनच भराभर पातळ भात घातला जातो. घास श्वासनलिकेत जातो आणि वारंवार न्यूमोनिया होतो. मूल बसतं हवं, कंबर आणि पाय टेकलेले, मान मध्यरेषेत, हनुवटी किंचित छातीकडे. भरवणारी समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला. उभं राहून वरून भरवलं की मूल मान मागे टाकतं आणि गिळणं अवघड होतं. चमचा छोटा आणि पसरट, अर्धाच भरलेला. जिभेच्या मध्यावर हलका दाब द्यायचा, ओठ मिटेपर्यंत थांबायचं, गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय पुढचा चमचा नाही. खोकला आला की थांबा. भरवून झाल्यावर अर्धा तास बसतंच ठेवा. एका जेवणाला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि खरी अडचण तीच आहे. तीन मुलांना एकच दिदी भरवत असेल तर तंत्र शिकवून काही होणार नाही. अशा वेळी स्वयंपाकघरातल्या एका माणसाची वेळ त्या तासाला बदलून द्या, व्यवस्थापकाशी बोला. हे बदलून आलात तर तुमचं येणं कारणी लागलं.

जुलाब लागले तर तयार ओआरएस नसताना एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण स्वयंपाकघरात भिंतीवर त्यांच्या लिपीत लावा. चमचा म्हणजे चहाचा, पाच मिलिलीटरचा. मीठ अंदाजाने घातलं तर पाणी औषधाऐवजी विष होतं.

पायरी ८: काही गैर दिसलं तर

मुलाने काही सांगितलं, तर शांतपणे ऐका. खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढं पुरे. मग मुलाचेच शब्द, तारीख, वेळ, जागा लगेच लिहून ठेवा, त्यात तुमचा अर्थ मिसळू नका. त्याच दिवशी नेमलेल्या माणसाला कळवा. संशय त्या माणसावर किंवा व्यवस्थापकावरच असेल तर देशाच्या बालमदत क्रमांकावर फोन करा: नेपाळमध्ये आपल्यासारखाच १०९८, केनियात ११६, कंबोडियात १२८०. स्वतः जाब विचारायला जाऊ नका. संशयित सावध होतो आणि मूल रातोरात दुसरीकडे हलवलं जातं. हे क्रमांक निघण्याआधी, संस्थेचं नाव न घेता, तिथल्या कुणा ओळखीच्याकडून चालू असल्याची खात्री करून घ्या, आणि भारतीय दूतावासाचा क्रमांकही जवळ ठेवा.

आपल्याला लागलेली गोष्ट नेहमी गुन्हाच असते असंही नाही. जेवण साधं आहे, मुलं जमिनीवर झोपतात, दिदी चढ्या आवाजात बोलते, हे आपल्या घरीही असतं. दार बाहेरून बंद करणं, जेवण तोडणं, मारणं, पाहुण्यांसमोर मुलांना नाचवणं, मोठ्या मुलींना संध्याकाळी 'कामाला' पाठवणं, मुलांचे आजारपणाचे पैसे मिळूनही दवाखान्यात न नेणं: हे गैर.

पायरी ९: पैसे आणि निरोप

घेऊन जायचं सामान थोडंच ठेवा. खेळणी, कपडे इथून नेऊ नका, तिथल्या बाजारात घ्या. देणगी द्यायचीच असेल तर संस्थेच्या खात्यात, पावतीवर, आणि शक्यतो मूल घरी परतल्यावर त्या कुटुंबाला आधार देणाऱ्या कामासाठी. शाळेची फी, आईचं शिलाई मशीन, पहिल्या वर्षाचं रेशन. रोख रक्कम व्यवस्थापकाच्या हातात नको. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात ८०जीची सवलत मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

निरोपाची तयारी तीन आठवडे आधी सुरू होते. कॅलेंडरवर तारीख दाखवून मुलांना सांगा, आणि तेव्हापासून रोजचं काम हळूहळू दिदीच्या किंवा स्थानिक शिक्षकाच्या हाती द्या. शेवटचा दिवस इतर दिवसांसारखाच जाऊ दे. मोठा समारंभ, रडारड, प्रत्येकाला वेगळी भेट नको. रात्री मुलं झोपल्यावर गुपचूप निघून जाणं तर सर्वांत वाईट. मुलाला सकाळी उठल्यावर एक माणूस नाहीसं झालेलं दिसतं, आणि त्याच्या आयुष्यात ते बहुधा पहिल्यांदा घडत नसतं.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत संस्थेला दोन-तीन पानांचा अहवाल पाठवा: काय शिकवलं, कोण करतंय, काय अर्धवट राहिलं, कोणती वही कुठल्या कपाटात आहे. पुढच्या वर्षभर त्या कारकुनाने किंवा दिदीने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्या. हे नातं मोठ्या माणसांशी आहे, ते ठेवायला हरकत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला तर सयाजी रुग्णालयात थुंकी तपासून घ्या, आणि मलेरियाच्या प्रदेशातून आला असाल तर वर्षभरात कधीही ताप आला की डॉक्टरांना आधी कुठे जाऊन आलात ते सांगा.